नाव कुठं लिहिलंय, ते आधी बघ

अगं, आधी ती फाईल मिटून बाजूला ठेव आणि घोटभर कॉफी घे. सासऱ्यांच्या कपाटातून निघालेली शेअर सर्टिफिकेटं, तुझ्या फोनवरचं ते नवं ॲप, त्यात नणंदेचा फोन की ‘वहिनी, बाबांच्या शेअर्सचं पुढं काय?’ सगळं एकदम अंगावर आलं की कुणीही गांगरेल. पण बघ, घरपट्टी, गॅस, मुलांचे दाखले, सासूबाईंची पेन्शन, हे सगळं तंजावरात येऊन परक्या लिपीतले फॉर्म भरत तूच मार्गी लावलंस ना? मग हेही तुला जमणार आहे. मला अक्का म्हणतेस, तर थोडं माझ्या पद्धतीनं ऐक.

खरं सांगू का, या पसाऱ्यात प्रश्न एकच आहे. शेअर कुणाच्या नावावर आहे आणि ते नाव नेमकं कुठल्या वहीत लिहिलंय? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं नुसतं फॉर्म भरणं आणि सह्या करणं.

तुला वाटतं, शेअर त्या ॲपमध्ये आहेत. नाहीत गं. ॲप ब्रोकरचं. तिथून तू खरेदी-विक्रीचा हुकूम देतेस, एवढंच. शेअर असतात डिपॉझिटरीत. आपल्या देशात अशा दोनच संस्था आहेत: १९९६ मध्ये सुरू झालेली एनएसडीएल आणि १९९९ मध्ये आलेली सीडीएसएल. तू बँकेत किंवा ब्रोकरकडे डीमॅट खातं उघडतेस तेव्हा तो या दोघींपैकी एकीचा प्रतिनिधी म्हणून खातं उघडून देतो. त्याला डीपी म्हणतात. तुझ्या खात्याचा क्रमांक सोळा अक्षरांचा असतो. सुरुवातीला इंग्रजी ‘आयएन’ ही अक्षरं असतील तर खातं एनएसडीएलकडचं, सगळे आकडेच असतील तर सीडीएसएलकडचं. आत्ता फोन उघड आणि तो क्रमांक वहीत उतरवून घे. हो, वहीतच. फोन हरवला तर वही राहते.

आपण भाताच्या मुलखात राहतो, म्हणून भाताचंच सांगते. गावाच्या सामाईक कोठारात तू वीस पोती ठेवलीस आणि पावती घेतलीस. परत मागायला गेलीस तर नेमकी तुझीच पोती मिळतील असं नाही, पण त्याच जातीचं तेवढंच भात मिळणार. डीमॅटमधले शेअर असेच असतात. जुन्या कागदी सर्टिफिकेटवर प्रत्येक शेअरचा वेगळा क्रमांक असायचा. आता तो नाही. कंपनीला एक बारा अक्षरांचा सांकेतिक क्रमांक असतो, त्याला आयएसआयएन म्हणतात, आणि त्यापुढं तुझा आकडा. बस्स.

इथं एक गोष्ट वाचून तू दचकशील, म्हणून मीच आधी सांगते. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानं कंपनीच्या दृष्टीनं नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी असते आणि तू असतेस लाभार्थी मालक. ‘म्हणजे माझे शेअर दुसऱ्याच्या नावावर?’ असं वाटेल. घाबरू नकोस. त्याच कायद्यात लिहिलंय की डिपॉझिटरीला त्या शेअर्सवर मतदानाचा किंवा दुसरा कुठलाही हक्क नाही. लाभांश तुझा, बोनस तुझा, सभेतलं मत तुझं, आणि कंपनीची देणी तुझ्या अंगावर नाहीत. दरवेळी खरेदी-विक्री झाली की कंपनीला तिची वही बदलावी लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

आणि ही सोय किती मोठी, ते सासूबाईंना विचार. पूर्वी शेअर विकायचा तर सर्टिफिकेट आणि सही केलेला हस्तांतरणाचा कागद टपालानं जायचा. सही जुळली नाही की परत. वाटेत गहाळ झाला की खेळ खलास. वर बनावट सर्टिफिकेटांची भीती. आता कागदच नाही, तर गहाळ काय होणार?

बरं, तू घेतलेला शेअर खात्यात येतो कधी? समज, सोमवारी तू सिटी युनियन बँकेचे दहा शेअर घेतलेस. (घे असं सांगत नाहीये हं. आपल्या जिल्ह्यातली, कुंभकोणमला १९०४ मध्ये सुरू झालेली बँक, म्हणून नाव पटकन तोंडात आलं.) सोमवारी फक्त सौदा ठरतो. मंगळवारी पैसे आणि शेअर यांची अदलाबदल होते. याला टी प्लस वन म्हणतात, म्हणजे सौद्याचा दिवस अधिक एक कामाचा दिवस. २००३ पासून दोन दिवस लागायचे, आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्याच शेअर्सना एक दिवस लागतो. मंगळवारपर्यंत ॲपमध्ये शेअर दिसले तरी ते ‘येणार आहेत’ असेच धरायचे.

विकणारा कोण हे तुला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. ती विकणाऱ्याकडून शेअर घेते आणि तुला देते, तुझ्याकडून पैसे घेते आणि त्याला देते. समोरच्यानं शेअर दिलेच नाहीत तर बाजार लिलाव करून ते आणतो, किंवा ठरलेल्या हिशोबानं तुला पैसे देतो. तू अधांतरी राहत नाहीस. पण यातून तुझ्यासाठी एक शिस्त निघते. आज घेतलेला शेअर खात्यात यायच्या आत उद्या सकाळी विकायचा मोह टाळ. तुला शेअर देणाराच चुकला तर तू पुढं देणार कुठून? मग लिलावाचा भुर्दंड तुझ्या माथी बसतो.

लाभांशाचंही हेच. रेकॉर्ड डेट म्हणून कंपनी एक तारीख ठरवते. त्या दिवशी डिपॉझिटरीच्या यादीत ज्याचं नाव, त्याला लाभांश. शेअर यायला एक दिवस लागतो, म्हणून त्याच दिवशी घेऊन उपयोग नाही. निदान एक कामाचा दिवस आधी घेतलेला हवा.

आणि कामाचा दिवस कोणता, हे तंजावरच्या कॅलेंडरवर बघू नकोस! बाजार मुंबईच्या सुट्ट्या पाळतो. मोठ्या देवळात राजराजाच्या सदय विळा उत्सवाची आपल्या जिल्ह्याला सुट्टी असते, माट्टुपोंगलला इथं सगळं सामसूम असतं, पण तिकडं सौदे सहसा चालूच असतात. उलट १ मे ला महाराष्ट्र दिन म्हणून बाजार बंद. शिवाय कधीकधी बाजार चालू पण बँका बंद असा दिवस येतो, तेव्हा शेअर एक दिवस उशिरा येतात. म्हणून ‘माझे शेअर आले नाहीत’ म्हणून रात्री जागत बसण्याआधी सुट्ट्यांची यादी बघ.

आता तुझा खरा घोर, जो तू दोनदा विचारलास: ब्रोकर बुडाला तर? बघ, हा प्रश्न अगदी रास्त आहे. २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंग नावाच्या हैदराबादच्या मोठ्या ब्रोकरनं ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी बँकांकडे गहाण टाकले. ९५ हजारांवर ग्राहक, आणि शेअर सुमारे २३०० कोटी रुपयांचे. हे जमलं कसं? ग्राहकांनी सही करून दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर शेअर ग्राहकांच्या खात्यांतून ब्रोकरच्या एका खात्यात नेले होते. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं नोव्हेंबरमध्ये बंदी घातली आणि २ डिसेंबर २०१९ ला सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले. बाकीच्यांच्या जिवाला मात्र घोर लागला.

त्यानंतर नियम बरेच आवळले गेले. आता शेअर गहाण ठेवायचे तरी ते तुझ्याच खात्यात राहून तिथंच गहाणाची नोंद होते. घेतलेले शेअर ब्रोकरच्या खात्यात न रेंगाळता थेट तुझ्या डीमॅटमध्ये जमा होतात. विकलेस की तुझ्याच खात्यात ते अडवून ठेवले जातात. सर्वाधिकार देणारं जुनं मुखत्यारपत्र द्यायची सक्ती नाही. त्याच्या जागी डीडीपीआय नावाचा मोजक्याच कामांचा अधिकार आहे, आणि तोही ऐच्छिक. तू क्वचित विकणारी, तुला तो द्यायचं कारणच नाही. विकताना दरवेळी पिन आणि ओटीपी टाकावा लागेल, टाक की! तेवढा त्रास आपल्या फायद्याचा आहे. आणि शेअर दुसऱ्या खात्यात हलवायची जी डिलिव्हरी स्लिप असते, तिच्यावर कोरी सही करून कुणाला देऊ नकोस. शेजारचे मामा असोत, नवऱ्याचा मित्र असो, कुणीही.

मुख्य म्हणजे ॲपवर विसंबू नकोस. डिपॉझिटरीकडून दर महिन्याला, आणि महिन्यात काही व्यवहार झाला नसेल तर सहा महिन्यांतून एकदा, ईमेलवर एकत्रित उतारा येतो. तो तुझ्या पॅन क्रमांकानं उघडतो. त्यात तुझी सगळी डीमॅट खाती आणि म्युच्युअल फंड असतात. हा उतारा ब्रोकर बनवत नाही, हे लक्षात घे. त्यातला आकडा आणि ॲपमधला आकडा सारखा आहे का, एवढंच बघायचं. भाजी निवडता निवडता होतं हे काम. मध्येच बघावंसं वाटलं तर सीडीएसएलची ‘ईझी’ आणि एनएसडीएलची ‘आयडियाज’ अशा सोयी आहेत, स्वतःचं नाव नोंदवून थेट तिथं खातं बघता येतं.

पैसे पाठवतानाही तीच सावधगिरी. ब्रोकरच्या नावानं कुणी व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला तर पैसे पाठवू नकोस. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांना सेबीनं वेगळे यूपीआय पत्ते दिलेत, त्यांत ‘ॲट’च्या चिन्हापुढं ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो. तो नसेल तर फोन खाली ठेव.

आता ती फाईल उघड. आधी सगळी सर्टिफिकेटं कंपनीवार लाव. आपल्या इथल्या मराठी घरांना कागद जपायची खोड जुनीच आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल उगाच नाही साठले! त्यामुळं तुझ्या फाईलीत चालू कंपनीचा कागद निघेल, तसा केव्हाच संपलेल्या कंपनीचाही निघेल. बँक ऑफ तंजावूर फेब्रुवारी १९९० मध्ये इंडियन बँकेत विलीन झाली. तसा कागद आठवण म्हणून ठेव.

लक्ष्मी विलास बँकेची सर्टिफिकेटं आहेत म्हणालीस. बाई गं, इथं मला तुला वाईट बातमी द्यावी लागतेय. करूरच्या व्यापाऱ्यांनी १९२६ मध्ये उभी केलेली ती बँक, आपल्या भागात अनेकांचा विश्वास होता तिच्यावर. १७ नोव्हेंबर २०२० ला तिच्यावर निर्बंध आले, खात्यातून २५ हजारांपेक्षा जास्त काढता येईना, आणि २७ नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे वाचले. भागधारकांचं भांडवल मात्र पूर्ण निर्लेखित झालं, म्हणजे शेअर शून्य. ज्यांचे डीमॅटमध्ये होते त्यांचेही शून्य आणि कागदावर होते त्यांचेही शून्य. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण ‘डीमॅट सुरक्षित’ याचा अर्थ लोक भलताच घेतात. डीमॅट तुझी मालकी सांभाळतं. कंपनीची किंमत सांभाळणं त्याच्या हातात नाही. ठेवीला विमा असतो, शेअरला नसतो. आणि हे शेअर ‘सोडवून देतो, आधी फी भरा’ म्हणत कुणी आलं तर सासूबाईंना पुढं करू नकोस, तूच दार लाव.

जे कागद जिवंत कंपन्यांचे आहेत, ते डीमॅट करावेच लागतील. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसानं नाव लावून घेणं तेवढं चालतं. १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरवाल्यांना लाभांश फक्त बँक खात्यात थेट मिळतो, तोही पॅन, पत्ता, बँक, सही ही माहिती दिलेली असेल तरच. ती द्यायची कंपनीच्या रजिस्ट्रारकडे. हा रजिस्ट्रार म्हणजे कंपनीसाठी भागधारकांची वही सांभाळणारी संस्था, आणि तिचं नाव कंपनीच्या वेबसाइटवर असतं. सर्टिफिकेटवर मद्रासच्या जुन्या ब्रोकरचा शिक्का असेल तर त्याला शोधत बसू नकोस. मद्रास स्टॉक एक्स्चेंजच २०१५ मध्ये बाजारातून बाहेर पडलं.

आणि आता या सगळ्यातली सर्वांत चिवट अडचण, जी आपल्या तंजावरी घरांना इतरांपेक्षा जास्त छळते: नाव! तू महाराष्ट्रातून आलीस, तुझ्याकडं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा सरळ हिशोब. इथं आडनाव कागदावर नसतंच बहुतेकदा. सर्टिफिकेटवर असतं ‘टी. आर. तुकाराम राव’. पॅन कार्ड आद्याक्षरं चालवून घेत नाही, म्हणून तिथं ‘तुकाराम राव रामचंद्र राव’. आधारवर ‘राव’ जोडून लिहिलेलं. ‘त’ साठी कुठं इंग्रजी टी, तर कुठं तमिळ पद्धतीनं टीएच. बायकांचं तर विचारूच नकोस. लग्नाआधी वडिलांचं आद्याक्षर, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि ‘बाई’ कधी सुटं, कधी चिकटलेलं, कधी गायब. पत्त्यात कुठं ‘तंजोर’, कुठं ‘तंजावूर’. सासूबाई आयुष्यभर एकच आहेत, पण रजिस्ट्रारच्या संगणकाला त्या चार बायका वाटतात.

यावर इलाज आहे आणि तो तुला घरबसल्या करता येतो. एक मोठा कागद घे. डाव्या बाजूला सर्टिफिकेटवरचं नाव अक्षर न अक्षर इंग्रजीत उतरव. शेजारी पॅनवरचं, आधारवरचं, बँक पासबुकावरचं. फरक कुठं आहे त्यावर गोल कर. नुसता स्पेलिंगचा किंवा आद्याक्षर उलगडल्याचा किरकोळ फरक असेल तर बहुधा स्वतः सही केलेल्या ओळखपत्रांवर भागतं. फरक मोठा असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि जुनं नाव दाखवणारा एखादा सरकारी कागद लागतो. लग्नाचा दाखला, जुना पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जे असेल ते शोधून ठेव. सही बदललीय? म्हातारपणी हात थरथरतो, बदलणारच. बँकेच्या अधिकाऱ्यानं सही साक्षांकित करायचा फॉर्म आहे, आयएसआर-२ नावाचा. सासूबाईंना घेऊन सकाळी लवकर बँकेत जा, त्यांना गर्दीत उभं करू नकोस.

एक विनंती करते. सासूबाईंचं डीमॅट खातं उघडण्याआधी ही नावांची जुळवाजुळव कर, नंतर नको. खात्यातलं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळलं नाही तर डीमॅटचा अर्ज परत येतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

सर्टिफिकेटवर सासरे आणि सासूबाई दोघांची नावं असतील तर काम पुष्कळ सोपं होतं. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला देऊन त्यांचं नाव कमी करता येतं आणि शेअर सासूबाईंच्या नावावर डीमॅट होतात. एकट्या सासऱ्यांचं नाव असेल तर नॉमिनी आहे का ते बघ. तोही नसेल तर सगळे वारस आले: सासूबाई, तुझा नवरा, दीर आणि नणंद. नणंदेचा वाटा भावाइतकाच, हे घरात कुणी विसरत असेल तर शांतपणे आठवण दे. ई-सेवै केंद्रातून अर्ज करून तहसीलदारांचा वारस दाखला काढायचा. एका नावावर करायचं ठरलं तर बाकीच्यांचं ना-हरकतपत्र आणि हमीपत्र. २०२२ मध्ये सेबीनं साध्या कागदपत्रांवर काम व्हायची मर्यादा वाढवली: कागदी शेअर असतील तर एका कंपनीचे पाच लाखांपर्यंत, डीमॅट असतील तर एका खात्याचे पंधरा लाखांपर्यंत. त्याहून जास्त असेल तर मात्र जास्त भक्कम कागदपत्रं लागतात, तिथं वकील गाठ.

‘नॉमिनी म्हणजे मालक’ असं तुझे दीर म्हणत होते ना? तसं नाहीये. हा वाद आपल्या मराठी माणसाच्याच घरातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांचं मृत्युपत्र होतं आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावं होती. नॉमिनी पूर्ण मालक की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयात आधी उलटसुलट निकाल झाले होते. अखेर १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नॉमिनेशनमुळं वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. नॉमिनीच्या हातात शेअर लवकर आणि बिनत्रासाचे येतात, पण ते वारसांच्या वतीनं सांभाळायचे. म्हणून नॉमिनीही नेम आणि साधं का होईना, मृत्युपत्रही कर. नॉमिनी म्हणून ज्याचं नाव घालशील त्यालाच मृत्युपत्रात वाटा ठेवलास तर भांडणाला जागाच राहत नाही.

एक घाई मात्र करायला हवी. सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नसेल तर कंपनी तो लाभांश आणि ते शेअर, दोन्ही आयईपीएफ या सरकारी निधीकडे जमा करते. कंपनीच्या वेबसाइटवर अशा भागधारकांच्या याद्या असतात, त्यात सासऱ्यांचं नाव शोध, वर सांगितलेल्या सगळ्या स्पेलिंगनं शोध. सापडलं तर रडू नकोस. शेअर बुडालेले नसतात. आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरून, कंपनीकडून पडताळणी करून परत मिळवता येतात. वेळ लागतो, चिकाटी लागते, पण मिळतात. टक्केवारी मागणारे मध्यस्थ गल्लोगल्ली झालेत. कागद तुझ्याकडं व्यवस्थित असतील तर त्यांच्याशिवाय होतं. रजिस्ट्रार किंवा ब्रोकर दाद देईना तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार टाक, उत्तर द्यावंच लागतं त्यांना.

शेवटी तुझ्या स्वतःच्या खात्याचं. रागावू नकोस, पण त्या खात्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला आहे ना? आणि ईमेलही? बदल. तो चांगला आहे, मला माहितीये, प्रश्न त्याचा नाहीच. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, व्यवहार त्याच्या हातात असतो. खातं तुझं, पॅन तुझा, तर फोनही तुझाच हवा. उतारा तुझ्या ईमेलवर आला की तू तो उघडशील, आणि एकदा सवय लागली की तुला कुणाला विचारावं लागणार नाही. खात्याला जोडलेलं बँक खातंही तुझ्या नावाचं आहे ना, ते बघ, लाभांश तिथंच येतो.

तुझी गुंतवणूक थोडी आहे, म्हणून डीपीला ‘बेसिक सर्व्हिस’ डीमॅट खातं मिळेल का विचार. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या अशा खात्याला वार्षिक शुल्क नाही, आणि चार ते दहा लाखांना वर्षाला शंभर रुपये. अट एवढीच की तुझ्या नावावर सगळीकडं मिळून डीमॅट खातं एकच हवं. ब्रोकर आपणहून सांगतीलच असं नाही, आपण मागायचं. सासूबाईंच्या खात्यालाही हेच लागू. नॉमिनी भरताना मुलगा आणि मुलगी दोघांची नावं टाक, टक्केवारीसकट. लहान आहेत, म्हणून पालकाचं नावही विचारतील.

या आठवड्यात फक्त तो नावांचा तक्ता कर. बाकी काही नको. शनिवारी संध्याकाळी तो तक्ता आणि मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन इकडं ये, आपण बसून रजिस्ट्रारना पत्रं लिहू. सासूबाईंनाही आण, सह्या त्यांच्याच लागणार आहेत.